भिंतीतले मांजर आणि बिछान्यावरचा कुत्रा

काळ्या मांजराची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जायला हरकत नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगणे भाग आहे. फाशीच्या आदल्या दिवशी एक कैदी आपली हकीकत लिहून ठेवतो आहे. लहानपणापासून त्याला मुक्या प्राण्यांचा लळा. बायकोही तशीच मिळाली. घरात पक्षी, ससे, कुत्रा, एक लहानसे माकड आणि प्लूटो नावाचे मोठे काळेभोर मांजर. पुढे दारूचे व्यसन लागते, स्वभाव बिघडतो. एका रात्री तो खिशातल्या चाकूने प्लूटोचा एक डोळा काढतो. काही दिवसांनी, डोळ्यांतून आसवे गाळत, त्याच मांजराला झाडाला फास देतो. त्याच रात्री घर जळते आणि उरलेल्या एकाच भिंतीवर गळ्यात दोर असलेल्या मांजराची आकृती दिसते. मग दुसरे मांजर घरी येते. तेही काळे, तेही एकाक्ष, फक्त छातीवर पांढरा डाग. तळघराच्या जिन्यात ते पायांत घोटाळते, हा कुऱ्हाड उगारतो, बायको हात धरते आणि कुऱ्हाड तिच्याच डोक्यात बसते. प्रेत तळघराच्या भिंतीत चिणले जाते. चौथ्या दिवशी पोलीस येतात. झडती घेऊन ते निघणार, एवढ्यात हा बढाईने काठी उचलून नेमकी तीच भिंत ठोकतो. आतून रडण्याचा आवाज येतो. भिंत पाडली तर उभ्या प्रेताच्या डोक्यावर मांजर बसलेले!

एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची ही कथा, 'द ब्लॅक कॅट', १९ ऑगस्ट १८४३ रोजी फिलाडेल्फियाच्या एका साप्ताहिकात छापून आली. इंग्रजीत ज्याला गॉथिक म्हणतात त्या भयकथेच्या परंपरेतली ही एक अव्वल कथा समजली जाते. या परंपरेचा आरंभ १७६४ मध्ये होरेस वॉलपोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' या कादंबरीने झाला असे धरतात. जुने किल्ले, पडके मठ, घराण्याचे शाप आणि रात्रीचे आवाज हा तिचा सुरुवातीचा सरंजाम. एकोणिसाव्या शतकात ती कादंबरीतून लघुकथेत उतरली आणि किल्ल्यातून माणसाच्या घरात आली. घरात आली तशी भुताची जागा पुष्कळदा जनावराने घेतली. भूत पाहायला किल्ल्यात जावे लागे. मांजर चुलीपाशीच असते.

या कथांतल्या जनावरांचा अर्थ काय, हा प्रश्न गेली शंभर-दीडशे वर्षे विचारला जातो आहे. कोणी ते मनाचे प्रतीक मानले, कोणी पापाचे, कोणी गुलामाचे, कोणी हिंदुस्थानचे. हा अर्थ लावण्याचाही एक इतिहास आहे आणि आमच्या मते त्यात आपले, म्हणजे उर्दू-फारसी वाङ्मयाच्या सावलीत वाढलेल्या मराठी वाचकांचे, काहीतरी गुंतलेले आहे.

आधी एक गोष्ट नोंदवतो. काळ्या मांजराचा प्रतीक म्हणून अर्थ लावणारा पहिला माणूस समीक्षक नव्हे, तो खुनीच आहे. भिंतीवरच्या डागात त्याला फास दिसतो. दुसऱ्या मांजराच्या छातीवरचा पांढरा ठिपका दिवसेंदिवस वधस्तंभासारखा दिसू लागतो. शेवटी तर हे मांजर नव्हेच, आपल्याला खुनाकडे ओढून नेणारा सैतान आहे, असे तो लिहून मोकळा होतो. मांजराने केले काय? डोळा काढल्यावर ते धन्याला टाळू लागले. नवे मांजर त्याच्या मांडीवर बसायला धडपडले. भिंतीत कोंडले गेल्यावर ते ओरडले. कुठलेही मांजर करील तेवढेच. बाकीचा सगळा अर्थ त्या गृहस्थाने स्वतः पुरवला, कारण त्याला तो हवा होता. मांजराला जबाबदार धरले की कुऱ्हाड कोणाच्या हातात होती हा प्रश्न मागे पडतो.

आम्ही एकदा आठवीच्या वर्गात ही गोष्ट उर्दूत सांगितली. मुले घाबरतील असे वाटले होते. मुले रंगून गेली. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, बिल्ली का नाम प्लूटो था, बीवी का क्या था?" कथेत बायकोला नाव नाही. इतक्या टीकाग्रंथांतून जी गोष्ट सहसा कडेला राहते ती त्या मुलीने नेमकी धरली. लेखक फसला असे आम्हांला वाटत नाही. ज्याच्या तोंडी त्याने कथा घातली तो माणूस बायकोचे नाव घेत नाही, हेच त्याला दाखवायचे असावे.

असे म्हणण्याला आधार आहे. या कथेच्या तीन वर्षे आधी, जानेवारी १८४० मध्ये, पोने एका साप्ताहिकात उपजत प्रेरणा आणि बुद्धी यांवर एक छोटेखानी लेख लिहिला होता. त्याचा विषय त्याच्या घरातले काळे मांजर. स्वयंपाकघराच्या दाराची कडी, अंगठ्याने दाबून उघडायची, ते मांजर उडी मारून कशी उघडते, कोणता पंजा कुठे अडकवते, दार ढकलायला किती वेळा प्रयत्न करते, हे सगळे त्याने बारकाईने टिपले आहे. एवढे गुंतागुंतीचे काम करणाऱ्या जनावराला बुद्धी नाही असे म्हणताना माणसाने जरा विचार करावा, असा त्याचा रोख. म्हणजे मांजर हे मांजर म्हणून कसे असते ते पोला नीट ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते त्याच्या कथेतल्या कैद्याला.

पोच्या जनावरांकडे पाहताना आणखी दोन कथा लक्षात घ्याव्या लागतात. त्यातली पहिली त्याची छापून आलेली पहिलीच कथा, 'मेट्झेंगरस्टाइन', १८३२ सालची. हंगेरीतल्या दोन उमराव घराण्यांचे वैर. एका वाड्यात जुना विणलेला पडदा टांगलेला आहे आणि त्यावर एक प्रचंड घोडा. तो घोडा कोणाचा? वैऱ्याच्या घराण्याच्या एका सारासेन पूर्वजाचा. सारासेन हा मध्ययुगीन युरोपचा मुसलमानांसाठीचा शब्द. पडद्यावर मागे तो सारासेन स्वार मेट्झेंगरस्टाइनच्या खंजिराने मरतो आहे. वैऱ्याच्या तबेल्याला आग लागते, म्हातारा वैरी तीत मरतो, आणि पडद्यावरचा घोडा मान वळवून तरुण उमरावाकडे पाहतो. मग तसाच एक खरा घोडा दारात येतो, उमरावाला झपाटतो आणि अखेर त्याला पाठीवर घेऊन पेटलेल्या वाड्यात शिरतो. टीकाकारांनी या घोड्यात पुनर्जन्म पाहिला, बापाचा सूड पाहिला, तारुण्यातला बेलगाम विकार पाहिला. आम्ही वाचताना मात्र त्या सारासेनापाशी थबकलो. तीन-चार ओळींत तो येतो आणि मरतो. त्याला नाव नाही, चेहरा नाही. सूड घ्यायला उरतो तो त्याचा घोडा. पोला इस्लामी जगाचे आकर्षण होते. 'अल अराफ' आणि 'इस्राफेल' ही नावेच त्याने आपल्या कवितांना दिली. पण पडद्यावर मुसलमान आणि घोडा एकाच रेशमाने विणलेले आहेत, हेही तितकेच खरे.

दुसरी कथा १८४१ सालची 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग'. हिला गुप्तहेरकथेची आद्य कथा म्हणतात. पॅरिसमध्ये दोन स्त्रियांचा भीषण खून होतो. खुनी निघतो बोर्निओहून आणलेला ओरँगउटान. मालक दाढी करताना त्याने पाहिले होते. वस्तरा हाती लागला तसा तो नक्कल करू लागला आणि चाबकाच्या भयाने पळाला. कथेतला सर्वांत उत्तम भाग साक्षींचा आहे. जिन्यात ज्यांनी तो आवाज ऐकला त्यात फ्रेंच होते, इंग्रज होता, डच, इटालियन, स्पॅनिश होते. इंग्रजाला तो आवाज जर्मन वाटला, स्पॅनिश माणसाला इंग्रजी, इटालियनाला रशियन, डच माणसाला फ्रेंच. प्रत्येकाने खात्रीने सांगितले की ती परक्याची भाषा होती, आणि प्रत्येकाला ती भाषा येत नव्हती! न कळणारा आवाज ऐकला की माणूस त्याला परक्या मुलुखाचे नाव देतो. भाषेचे राजकारण जगलेल्या कोणालाही या पानावर हसू येईल, आणि ते हसू फार टिकणार नाही.

१८६९ मध्ये डब्लिनच्या जोसेफ शेरिडन ले फानूची 'ग्रीन टी' आली. जेनिंग्ज नावाचा सज्जन धर्मोपदेशक रात्री जागून प्राचीन मूर्तिपूजक धर्मांवर ग्रंथ लिहितो आहे आणि जागण्यासाठी हिरवा चहा पितो आहे. एका संध्याकाळी घोड्यांच्या बसमध्ये त्याला अंधारात दोन लाल ठिपके दिसतात. लहानसे काळे माकड. छत्रीने डिवचतो तर छत्री आरपार जाते. तेव्हापासून माकड सोबतीला. चर्चमध्ये तो वाचायला उभा राहिला की ते उघड्या पुस्तकावर येऊन बसते. पुढे ते बोलू लागते, ईश्वरनिंदा करू लागते, जीव दे म्हणू लागते. शेवटी जेनिंग्ज गळा चिरून घेतो. ज्या जर्मन डॉक्टरावर भिस्त ठेवली तो शेवटी काय सांगतो? चहामुळे अंतरीचा डोळा उघडला, शिवाय आत्महत्येचा कल वंशातच असावा. आणि मी उपचार सुरू केलेच नव्हते, तेव्हा हा माझा रोगी धरू नये. डॉक्टर लोकांची ही जात फार जुनी दिसते.

ले फानूने हे लिहिले तेव्हा डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' येऊन दहा वर्षे झाली होती. धर्मोपदेशकाच्या पोथीवर माकड बसवण्याचा अर्थ त्या काळच्या वाचकाला सांगावा लागला नसेल. नंतरच्यांनी त्यात दडपलेली वासना पाहिली, पाखंडी ग्रंथ वाचल्याची अपराधी भावना पाहिली. आम्हांला त्यातले सर्वांत भयंकर वाटते ते माकडाचे बोलणे नव्हे, जेनिंग्जचे एकटेपण. इतक्या मोठ्या लंडनमध्ये त्याला हे सांगायला एक परका डॉक्टर मिळतो आणि तोही हजर नसतो.

मग फ्रॉईडचा काळ आला. बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पेपराला आम्हांला फ्रॉईड आला तो दीड पानाचा, इड-इगो-सुपरइगो एवढाच. त्याने १९०९ मध्ये छापलेली छोट्या हान्सची केस पुढे वाचली. रस्त्यावरच्या घोड्यांना घाबरणारा पाच वर्षांचा मुलगा. फ्रॉईडने सांगितले, हा घोडा म्हणजे बाप. भयकथेतल्या जनावरांची किल्लीच जणू सापडली. फ्रॉईडची शिष्या मारी बोनापार्त, नेपोलियनच्या घराण्यातली, हिने १९३३ मध्ये फ्रेंचमध्ये पोवर भलामोठा ग्रंथ लिहिला; प्रस्तावना स्वतः फ्रॉईडची. तिच्या मते काळे मांजर म्हणजे पोची आई. पो तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा, डिसेंबर १८११ मध्ये, त्याची नटी असलेली आई वारली. आईवरचे प्रेम, तिने सोडून गेल्याचा राग, तिचे भय, हे सगळे मांजराच्या रूपाने परत येते, असा तिचा सिद्धांत. ग्रंथ जिद्दीने लिहिलेला आहे, पुष्कळ ठिकाणी तो खरे बोलतो असेही वाटते. पण तो वाचून संपला की मांजर उरत नाही. सगळ्या कथांतल्या सगळ्या वाटा एकाच मृत स्त्रीपाशी पोचतात.

गंमत अशी की याच बाईने १९३७ मध्ये आपल्या टॉप्सी नावाच्या चाऊ जातीच्या कुत्रीवर पुस्तक लिहिले. टॉप्सीला कर्करोग झाला होता आणि ती उपचारांनी वाचली. त्या पुस्तकात कुत्री ही कुत्रीच आहे. ती कोणाची आई नाही. आणि त्याचे जर्मन भाषांतर केले कोणी? फ्रॉईडने, मुलगी ॲनाच्या मदतीने, १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडायच्या परवानगीची वाट पाहत असताना. तो स्वतः जबड्याच्या कर्करोगाने पंधरा वर्षे त्रस्त होता. पुढच्या वर्षी लंडनमध्ये अखेरच्या दिवसांत जखमेला इतका वास येऊ लागला की त्याची लाडकी चाऊ कुत्री जवळ येईना. खोलीच्या कोपऱ्यात दबून बसे. घोडा म्हणजे बाप सांगणाऱ्या या माणसाने त्या कुत्रीचे प्रतीक केल्याचे आमच्या वाचनात नाही.

विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत वाचनाची दिशा बदलली. टोनी मॉरिसन यांनी १९९२ च्या 'प्लेइंग इन द डार्क'मध्ये आरंभीच्या अमेरिकन साहित्यातल्या काळ्या-गोऱ्याच्या प्रश्नासाठी पो हा सर्वांत महत्त्वाचा लेखक असल्याचे म्हटले. पो वाढला व्हर्जिनियात, रिचमंडमध्ये, तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरी. त्याच व्हर्जिनियात १८३१ मध्ये नॅट टर्नरच्या नेतृत्वाखाली गुलामांचे बंड झाले आणि ते रक्तात बुडवले गेले. त्या उजेडात काळे मांजर पुन्हा वाचले गेले. धनी सांगतो की माझे माझ्या मुक्या जिवांवर किती प्रेम होते. मग तो त्यांना मारतो, आंधळे करतो, झाडाला टांगतो, आणि वर त्यांनाच सैतान म्हणतो. गुलामांच्या मालकांचे बोलणे याहून निराळे नव्हते. चाबकाच्या भीतीने वस्तरा उचललेला ओरँगउटानही या वाचनात निराळा दिसू लागतो. हे वाचन आम्हांला बोनापार्तबाईंच्या वाचनापेक्षा जवळचे वाटते. मात्र यातही एक धोका आहे: काळा माणूस म्हणजे मांजर, काळा माणूस म्हणजे माकड, ही मालकाचीच उपमा आपण नकळत पुढे चालवतो.

ही उपमा हिंदुस्थानपर्यंत आली ती किपलिंगच्या हातून. रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मला, वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. १८९० साली छापलेल्या त्याच्या 'द मार्क ऑफ द बीस्ट' या कथेत फ्लीट नावाचा इंग्रज नववर्षाच्या रात्री दारूच्या नशेत मारुतीच्या मूर्तीच्या कपाळावर चिरूट विझवतो. देवळातला एक कुष्ठरोगी त्याच्या छातीला तोंड लावतो. छातीवर बिबट्यासारखे ठिपके उमटतात, फ्लीट कच्चे मांस मागू लागतो, घोडे त्याला पाहून बिथरतात, रात्री तो लांडग्यासारखा ओरडतो. त्याचे मित्र कुष्ठरोग्याला पकडून बांधतात आणि तापवलेल्या बंदुकीच्या नळ्यांनी त्याचा छळ करतात. शाप उतरतो. छळाचा तपशील मात्र निवेदक देत नाही; छापण्याजोगा नाही म्हणून गाळतो. आता या कथेत जनावर कोण? किपलिंगला हा प्रश्न पडला होता असे आम्हांला वाटते. त्याच्यावर साम्राज्यवादाचा शिक्का मारून मोकळे होणारे लोक या कथेपाशी जरा घाई करतात. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स याच्या १९०२ च्या 'द मंकीज पॉ'मध्ये मात्र तसा काही पेच नाही. हिंदुस्थानातून परतलेला सार्जंट वाळलेला माकडाचा पंजा घेऊन येतो. एका फकिराने तो मंतरलेला. पहिली इच्छा दोनशे पौंडांची. मुलगा कारखान्यातल्या यंत्रात सापडून मरतो आणि कंपनी बरोबर दोनशे पौंड भरपाई देते. कथा जबरदस्त आहे. पण अरिष्ट येते ते फकिराच्या मुलखातून. इंग्लंडातल्या यंत्राला कोणी शापित म्हणत नाही.

इथवर आल्यावर आम्हांला आपल्या कपाटातल्या एका जुन्या ग्रंथाची आठवण होते. हजरत अली हुजवेरी, लाहोरचे दातागंज बख्श, यांचा 'कश्फुल महजूब' हा अकराव्या शतकातला फारसी ग्रंथ, पोच्या जवळजवळ आठशे वर्षे आधीचा. त्यात नफ्सच्या प्रकरणात काही किस्से आहेत. एका बुजुर्गाच्या गळ्यातून कोल्ह्याच्या पिलासारखे काही बाहेर पडले. तो त्याला तुडवू लागला तर प्रत्येक लाथेसरशी ते वाढतच गेले. दुसरे बुजुर्ग घरी आले तर एक पिवळा कुत्रा झोपलेला. रस्त्यावरून आत शिरला असेल असे वाटून ते त्याला हाकलायला गेले, तर तो त्यांच्याच अंगरख्याखाली शिरला आणि दिसेनासा झाला.

रस्त्यावरून आला असेल, हा पहिला विचार. गॉथिक कथेतला माणूस याच विचारापाशी थांबतो. मांजर बाहेरून आले, घोडा सारासेनाचा, माकड चहामुळे, पंजा हिंदुस्थानचा. सूफीचा किस्सा एक वाक्य पुढे जातो: कुत्रा अंगरख्याखाली जातो. युरोपच्या समीक्षेला ते जनावर माणसाच्या आत परत नेऊन ठेवायला फ्रॉईडची वाट पाहावी लागली. नफ्स आणि फ्रॉईडचा इड एकच, असे सुलभ समीकरण आम्ही मांडणार नाही. फ्रॉईडला त्या जनावराची ओळख पटवायची होती, सूफींना त्याला जिंकायचे होते. इंतिजार हुसेन यांनी १९६७ च्या 'आखरी आदमी' या संग्रहातल्या 'जर्द कुत्ता' कथेत हाच पिवळा कुत्रा विसाव्या शतकात आणला. त्यांचा निवेदक मुरीद आहे, त्याला आपला कुत्रा ओळखता येतो, आणि तरीही कुत्रा हटत नाही. भयकथा म्हणून ती पोच्या कोणत्याही कथेच्या शेजारी ठेवावी.

तरी एक हिशेब राहतोच. मनाची घाण दाखवायला आपल्या बुजुर्गांनीही कुत्राच निवडला, आणि त्याचे मोल गल्लीतल्या कुत्र्याने दगड खाऊन चुकवले. पण याच परंपरेत दुसरी वाट आहे. दहाव्या शतकात बसऱ्याच्या इख्वानुस्सफा मंडळीने जनावरांनी माणसावर भरलेल्या फिर्यादीची कथा लिहिली. मौलवी इकराम अली यांनी १८१० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजसाठी ती उर्दूत आणली. जिन्नांच्या बादशहासमोर खेचर, घोडे, मेंढ्या आपापले पाठीवरचे वळ सांगतात. निकाल शेवटी माणसाच्या बाजूने लागतो, तरी फिर्याद पानापानांतून ऐकू येत राहते. आणि ती हदीस तर लहानपणी सर्वांनीच ऐकलेली असते: एका बाईने मांजर कोंडून ठेवले, खायला दिले नाही, बाहेर सोडून किडामुंगीही खाऊ दिली नाही, ते मेले, आणि ती दोजखला गेली. तिथे मांजर कशाचेही प्रतीक नाही. ते उपाशी आहे.

पोच्या स्वतःच्या घरातले शेवटचे मांजर कॅटरिना. न्यूयॉर्कजवळ फोर्डमच्या लहानशा घरात १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्याची बायको व्हर्जिनिया क्षयाने मरणाला टेकली होती. घरात पुरेशी पांघरुणे नव्हती. भेटायला गेलेल्या एका बाईंनी पाहिलेले लिहून ठेवले आहे: गवताच्या गादीवर ती पडलेली, अंगावर नवऱ्याचा जुना लष्करी कोट, आणि छातीवर ते मोठे कबरे मांजर. हात नवरा चोळून ऊब देत होता, पाय आई. व्हर्जिनिया ३० जानेवारी १८४७ रोजी वारली. तोवर त्या कोटाखेरीज अंगाला ऊब होती ती त्या मांजराची.